गाठीला मी जखम समजले

मित्रांनो, मी एक जुनी भक्षक पेशी आहे. जुनी म्हणजे मेलेली. पण ते बोलण्याच्या आड येत नाही. सात वर्षं मी काचेच्या पट्टीवर चिकटून आहे, तीही अख्खी नाही. इथे माझा एक काप आहे. बाकीचं अंग शेजारच्या कपाटात, मेणाच्या ठोकळ्यात असतं. आमची भेट होत नाही.

माझा जन्म शिवणकाम करणाऱ्या एका मावशींच्या हाडातल्या मगजात झाला. लहानपण रक्तात वाहण्यात गेलं. आमच्या घराण्याची कामं दोनच: नको ते खाणं आणि फाटलं ते सांधणं. मावशींच्या बोटात सुई घुसली की माझ्या बहिणी धावत. कचरा खात, नव्या रक्तवाहिन्या बोलावून घेत, जखम भरली की गप्प बसत. यातलं गप्प बसणंच सगळ्यांत अवघड.

एके दिवशी मावशींच्या मांडीतून सांगावा आला, ‘इथे श्वास कोंडतोय, पेशी मरताहेत, लवकर या.’ मी रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून आत शिरले. प्राणवायूचा पत्ता नाही आणि मेलेल्या पेशींचा खच. मी म्हटलं, जखम आहे. दुसरं काय असणार?

ती कॅन्सरची गाठ होती. भरमसाट वाढलेली आणि स्वतःचं पोट भरता न येणारी. तिने मदत मागितली आणि मी नावगाव विचारलं नाही.

आमच्याजवळ एन्झाइम असतात, त्याच आमच्या कात्र्या. पेशींभोवती तंतूंची घट्ट जाळी असते, ती मी कातरली. त्या जाळीत वाढीचे निरोप अडकवून ठेवलेले असतात, तेही सुटले. शेजारच्या रक्तवाहिनीला निरोप पोचताच तिला फुटवे आले आणि कातरलेल्या वाटेने ते गाठीत शिरले. नव्या वाहिन्या वाकड्यातिकड्या आणि गळक्या होत्या; पण रक्त आलं. गाठ जेवली आणि वाढली. वाढल्यावर आत पुन्हा श्वास कोंडला, पुन्हा सांगावा आला, मी पुन्हा कात्री चालवली. ही जखम भरत का नाही, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. उलट, इतकं काम मिळतंय याचा अभिमान होता. माझ्या कामाचं चीज झालं ते फक्त गाठीच्या घरी.

मग सर्जनबाईंनी गाठ काढली, माझ्यासकट. मला मेणात बसवलं, कापलं, गुलाबी-जांभळं रंगवलं. तपासणी विभागाच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी मला आठवडाभर निरखलं. नंतर खण. काप घेणारे काका वर्षातून एकदा खण उघडून विचारत, “बाई, ही रद्दी कधी काढायची?”

“तुम्ही रिटायर झालात की,” बाई म्हणत.

परवा खण उघडला तो वेगळ्या कारणाने. मावशींच्या त्याच मांडीत, जुन्या व्रणाखाली, पुन्हा गाठ हाताला लागली होती. सुईने काढलेला तिचा तुकडा नव्या डॉक्टरांनी तपासला होता आणि कागदावर ‘परतली’ असं लिहूनही टाकलं होतं.

“भक्षक पेशींची गर्दी, नव्या रक्तवाहिन्यांचं जंगल,” ते म्हणाले. “जुन्या पट्टीत हेच तर आहे.”

बाईंनी मला मायक्रोस्कोपखाली ठेवलं. “हे बघा. इथे वऱ्हाड आहे आणि मधोमध नवरदेवही आहे. ह्या कॅन्सरच्या काळ्या, बेढब पेशी. तुमच्या पट्टीत नवरदेव दाखवा.”

नव्या डॉक्टरांनी बराच वेळ शोधलं. “या कापात आला नसेल. बाई, सर्जन मॅडम थांबल्यात. परतली असेल तर पाय काढावा लागेल म्हणतात.”

“म्हणूनच विचारतेय. काका, नव्या तुकड्याचा ठोकळा आणखी खोल कापा.”

“तांदळाएवढा तुकडा तो! किती काप काढू?”

“संपेपर्यंत.”

बाहेर बाकावर मावशी बसल्या होत्या. बाई दारात दिसताच त्या म्हणाल्या, “मी काल करून बघितलं हो. मशीनच्या पायट्यावर पाय ठेवलाच नाही, हाताने चाक फिरवलं. बाही तिरकी गेली.”

“थांबा जरा,” एवढंच बाई म्हणाल्या.

चौदाव्या कापात सापडलं. आमच्या घराण्यातल्या पेशी एकमेकींत मिसळून थोराड झाल्या होत्या आणि त्यांच्या मिठीत होता एक दोरा. जुन्या टाक्याचा. तो त्यांना खाता येईना, सोडून जाता येईना, म्हणून त्यांनी गाठ बांधली होती. नवरदेव नव्हताच. काम मी केलं तेच. पण या वेळी जखम खरी होती.

नव्या डॉक्टरांनी आपला शब्द खोडला. दोनदा.

“आजार नाही, मावशी,” बाईंनी बाहेर जाऊन सांगितलं. “टाक्याचा दोरा आत राहिला होता. तेवढा काढू. पाय तुमचाच.”

मावशींनी दोन्ही हातांनी गुडघा घट्ट धरला. मग म्हणाल्या, “सात वर्षं? अहो, मी गिऱ्हाइकाला कपडा देताना उलटून बघते, दोरा राहिला का म्हणून!”

संध्याकाळी काकांनी मला पुसून खणात ठेवलं. रद्दीचा विषय निघाला नाही.

मित्रांनो, हाक ऐकू आली की जरूर धावा. पण कात्री चालवण्याआधी जखम कुणाची आहे ते विचारा. मी विचारलं नाही. आणि जुन्या पट्ट्या फेकू नका. माझी चूक जपून ठेवलेली होती, म्हणून तिच्या शेजारी नवी पट्टी ठेवून बघता आली. हयातभर मी गाठीच्या उपयोगी पडले. मावशींच्या उपयोगी पडायला मला मरून सात वर्षं लागली.