चाकावरचं कीर्तन
कीर्तन उभ्यानं करायचं. बसून सांगतात ते पुराण. तंजावूरच्या आम्हा मराठी मंडळींत हा नियम इतका पक्का, की घसरून पडल्यावर माझ्या वडिलांचे, अप्पांचे पाय लुळे झाले, तेव्हा त्यांचं कीर्तनही गेलं असं आळीनं परस्पर ठरवून टाकलं. पुराणिक सेतुमाधवराव तर समाचाराला आले आणि अप्पांना म्हणाले, "तुळजारामा, आतां माझ्याशेजारी बैस. पुराण सांग. सरी, बरं कां?"

अप्पा त्यांच्यासमोर हसले आणि ते गेल्यावर भिंतीकडे तोंड करून रडले. चाळीस वर्षं नाचत-चालत कीर्तन केलेला माणूस तो. मला संताप आला, आणि माझा संताप घरात बसून राहणारा नव्हे.

मी कल्याणराम सुताराला गाठलं. त्यानं अप्पांच्या खुर्चीला चार चाकं बसवून दिली.

"पण ढकलणार कोण?" त्यानं विचारलं.

मृदंगवाल्याचे हात गुंतलेले, आणि आमचा टाळकरी तालाला कच्चा. अप्पांचं पाऊल न् पाऊल मला पाठ होतं. पदाला तीन पुढे, दोन मागे. विनोद सुचला की जरा डावीकडे.

"मी ढकलीन," मी म्हटलं.

अप्पा दचकले. "भामा, बाईमाणूस कीर्तनांत उभी राहणार?"

"अय्यो अप्पा, उभी कोठें? मी तर चालणार!"

छप्पन सालच्या रामनवमीला देऊळ गच्च भरलं. सुरुवातीला मी भीतीनं खुर्ची घट्ट धरून ठेवली, त्यामुळे अप्पांचा आवाजही दबका लागला. पहिल्या रांगेत सेतुमाधवराव डोळे मिटून बसले होते. मग कथेत मारुती समुद्राकाठी आला. अप्पांनी चिपळ्या उचलल्या, माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे, मी पदर खोचला आणि खुर्ची रेटली. ती थांबेचना! पुरुषांची बैठक मागे टाकून आम्ही थेट बायकांच्या घोळक्यात. वेंकूबाईंचं कुंकवाचं ताट उपडं झालं.

मी घाईघाईनं खुर्ची मागे ओढू लागले.

"उतरलों लंकेंत!" अप्पा खणखणीत आवाजात म्हणाले. "आतां सीतामाई कोणती, सांगा!"

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. पाय धड होते तेव्हाही अप्पा एवढ्या लांब कधी गेले नव्हते. त्यानंतर कीर्तन जे रंगलं, त्याला तोड नाही. मी घामानं निथळत होते आणि आयुष्यात इतकी खूश कधी झाले नव्हते.

आरतीनंतर कीर्तनकाराच्या पाया पडायची रीत. सगळ्यांत आधी सेतुमाधवराव उठले.

"तुळजारामा, कीर्तनच झालं रे हें," ते वाकत म्हणाले.

अप्पांनी त्यांचे हात धरले. "हे पाय आज बसून होते, राव. चालली ती भामा."

सेतुमाधवराव सत्तरीचे, मी बावीसची. ते खरंच माझ्याकडे वळले आणि वाकले. लाजून मी पाय मागे घ्यायला हवे होते. मी घेतले नाहीत.