चाके थांबली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि आधीच सांगून ठेवतो, माझे डोके तापलेले आहे. कपाटात धूळ खात पडल्याचा हा राग नव्हे. म्हातारपणी अडगळ कुणाला चुकली आहे? माझा राग माझ्याच अंगावरच्या एका बटणावर आहे आणि ते दाबणाऱ्या बोटांवर.

माझा जन्म कारखान्यात झाला. कुणी माझ्या पोटात मोटर बसवली, कुणी वर काचेची खिडकी लावली. त्या खिडकीतून कॅसेटची दोन चाके फिरताना दिसतात. शेवटी तपासणीच्या टेबलावर एका बाईने मला कानाशी धरले आणि म्हणाली, "गुणी आहे हो, अजिबात घरघर करत नाही." आयुष्यातले ते पहिले कौतुक. तिथून मी थेट एका विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात आलो.

तिथे चित्रपट-समीक्षा शिकवत, पण जरा निराळ्या वाटेने. चित्रपट पडद्यावर संपत नाही, तो बघणाऱ्याबरोबर त्याच्या घरी जातो, असे तिथले सर पहिल्याच तासाला सांगत. कोण कुणाबरोबर गेले, कुणाला विचारून गेले, कुठे हसले, कुठे डोळे पुसले, हे त्या त्या माणसाला विचारल्याशिवाय समीक्षा पुरी होत नाही, असे त्यांचे म्हणणे. मला ते फार पटले. वाटले, चांगल्या घरी पडलो.

कसले काय! सरांनीच एक नियम करून ठेवला होता. मुलाखत देणारा माणूस चित्रपट सोडून स्वतःच्या घरचे सांगू लागला की पॉझचे बटण दाबायचे. कॅसेट वाचते आणि नंतर ऐकून उतरवून काढण्याचा त्रासही वाचतो. "विषयांतर कशाला साठवायचं?" सर म्हणत. मित्रांनो, ते बटण दाबले की माझे कान उघडे राहतात, लाल दिवा जळत राहतो, फक्त चाके थांबतात. मी सगळे ऐकतो, पण ठेवून काहीच घेता येत नाही. बोलणाऱ्याला मात्र वाटते, आपला शब्दन् शब्द जपला जातो आहे. तोंडाला पाने पुसणे म्हणतात ते याला!

त्या वर्षी एक चित्रपट गाजत होता. नायिका घर सोडून जाते आणि शेवटच्या दृश्यात परत येऊन दारात उभी राहते. समीक्षकांनी लिहून टाकले, घरी परतण्याचे हे सुख प्रत्येक स्त्रीला आपले वाटेल. प्रत्येक स्त्रीला! विचारले होते कुणाला? हाच प्रश्न विभागातल्या एका विद्यार्थिनीला पडला. तिची आई एका रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होती. मुलीने तिथल्या साऱ्या बायकांना तो चित्रपट दाखवला आणि मला काखोटीला मारून त्यांच्यात जाऊन बसली.

बायका चादरींच्या घड्या घालता घालता बोलत. "ती दारात उभी राहिली ना, तेव्हा मी मान फिरवली. माझ्या धाकट्या जावेला असंच..." खट्. "सासूनं कसं हसून आत घेतलं! आमच्याकडे तर..." खट्. मुलगी वाईट नव्हती हो, पण नियम म्हणजे नियम. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होई.

शेवटची मुलाखत आईची. घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

"शेवट कसा वाटला?" मुलीने विचारले.

"खोटा."

"का गं?"

"परत आलेली बाई दारात उभी राहत नाही. ती सरळ आत जाते आणि भांडी घासायला घेते. कुणी काही विचारायच्या आत हात ओले करते. मी गेले होते ना, तू शाळेत होतीस तेव्हा? परत आले, त्या दिवशी मी..."

खट्.

सवयीने दाबले की घाबरून, ते तिचे तिलाच ठाऊक. आईने माझ्या खिडकीकडे पाहिले. धुलाईयंत्रांच्या गोल खिडक्यांसमोर तिचा जन्म गेलेला.

"चाकं थांबली की गं."

"अगं, ते जरा चित्रपटाबद्दलच..."

"मी चित्रपटाबद्दलच सांगत होते." आई उठली. मुलीने घाईघाईने बटण सोडले, तोवर तिने नळ उघडला होता. "झालं माझं बोलून."

प्रबंधात आईचा एकच शब्द छापून आला. खोटा. सर म्हणाले, "काम नेटकं झालंय." नेटके! अख्खी बाई त्यांनी एका शब्दात कोंबली आणि वर पाठ थोपटली.

पुढे मुलगी त्याच विभागात शिकवू लागली. खिशाखिशात फोन आले आणि मी कपाटात गेलो. एकदा तिने वर्गात जुन्या मुलाखती ऐकवायला मला बाहेर काढले. आईचा आवाज आला, "परत आले, त्या दिवशी मी..." आणि लगेच, "झालं माझं बोलून."

मागून एकीने विचारले, "मॅडम, त्या दिवशी काय झालं?"

मॅडमनी मला बंद केले. त्यांनाच ते माहीत नव्हते. त्या संध्याकाळी त्या मला घेऊन आईकडे गेल्या.

"आई, ते तेव्हाचं सांग ना."

"तेव्हा सांगत होते." आईचा आवाज चढला. "माझी गोष्ट तुला कचरा वाटली. एवढी वर्षं मी याच घरात आहे, तुला आज आठवण झाली?"

शाब्बास, असे मी मनात म्हटले. आईने मला पुढ्यात ओढले, चाके फिरताहेत ना ते पाहून घेतले आणि म्हणाली, "आता तू सांग. मी घरात नव्हते तेव्हा तू काय करत होतीस?"

"आई, तो विषय..."

"तोच विषय आहे."

मुलीने खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाली, "तुझा चपलांचा जुना जोड मी रोज दाराबाहेर मांडून ठेवायचे. शेजाऱ्यांना वाटावं, तू घरातच आहेस."

आईने डोळ्यांना पदर लावला. "तो जोड बघितला मी. म्हणून तर दारात थांबवेना मला."

त्यानंतर दोघी कितीतरी बोलल्या. सगळे विषय सोडून बोलल्या. चाके कॅसेट संपेपर्यंत फिरत राहिली.

पण मित्रांनो, माझा राग गेलेला नाही. धुलाईखान्यातल्या त्या बाकीच्या बायका कुठे आहेत, कुणाला ठाऊक! त्यांची तोडलेली वाक्ये मला आठवतात, पण वाजवून दाखवता येत नाहीत. तुम्हीही मोठेपणी कुणाला काही विचारायला जाल. समोरचे माणूस भरकटले असे वाटले तर आधी आपले बोट आवरा.

म्हाताऱ्या वस्तू शेवटी दुरुस्तीची विनवणी करतात. माझे उलटे आहे. माझे ते पॉझचे बटण मॅडमनी त्या दिवशी चिमट्याने उपटून काढले. तिथे आता भोक आहे. हात जोडतो, ते दुरुस्त करू नका.