गार्डमधली पाचर

माझ्या मशीनला कोणीतरी हात लावत होतं. हे मला सोमवारी जेवणानंतर कळलं आणि तिथून पुढे पाच दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

मशीन म्हणजे हातात धरून चालवायचं गोल पात्याचं करवत. आम्ही त्याला कटर म्हणतो. त्याच्या खालच्या बाजूला गार्ड असतो, म्हणजे पात्यावरचं झाकण. लाकडात शिरताना तो आपोआप मागे सरकतो आणि काप संपला की स्प्रिंगने परत येऊन पातं झाकतो. सोमवारी मी मशीन उचललं तर गार्ड मागेच अडकलेला. वाकून बघतो तर फटीत लाकडाची बारीक पाचर घट्ट बसवलेली. पातं सगळं उघडं. आणि दोनच मिनिटांत हे मशीन माझी मुलगी हातात घेणार होती.

"कोणाचे हे उद्योग?" मी ओरडलो.

मुलगी टेप घेऊन माप काढत होती, तिने दचकून वर बघितलं. माझा धाकटा भाऊ कोपऱ्यात कपाटाच्या दाराला बिजागरी लावत होता. त्याने मान वर केली नाही. हे मी तेव्हाच टिपून ठेवलं.

आता वर्कशॉपमध्ये माणसं किती, तर तीन. मी, मुलगी आणि भाऊ. मुलीला मी स्वतः शिकवलेलं. आणि स्वतःवरच संशय घ्यायला मला अजून वेड लागलेलं नाही. उरला कोण? हिशोब सोपा होता.

भावाला सगळे साडेतीन म्हणतात. नाव मीच पाडलं. त्याच्या डाव्या हाताचं पहिलं बोट मुळापासून गेलंय आणि मधलं अर्धं. सतरा वर्षं झाली. असंच कटर होतं, गार्डला पाचर लावलेली होती. याने काप संपवला आणि पातं फिरत असतानाच मशीन खाली टेकवलं. उघडं पातं ते, सरपटत आलं आणि डाव्या हातावरून गेलं. त्या काळी पाचर सगळेच लावायचे. अरुंद पट्टी काढताना गार्ड कडेला अडतो, मग कोण दर वेळी हाताने सरकवत बसणार? मीही लावायचो, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी मी लावली नव्हती, हे मला पक्कं आठवतं. डॉक्टरला मीच सांगितलं, आईलाही मीच सांगितलं, की याचा आळस याला नडला. तो काही बोलला नाही. बोलणार काय?

त्या दिवसापासून दोन गोष्टी ठरल्या. एक, मी पाचरीच्या बाबतीत कायमचा कानाला खडा लावला. भिंतीवर खडूने लिहूनच ठेवलं: गार्डला पाचर लावणाऱ्याने महिनाभर मशीनला हात लावायचा नाही. खडू पुसट झाला की पुन्हा गिरवतो. दुसरी, भावाला मशीन कधीच दिलं नाही. घासकाम, पॉलिश, बिजागऱ्या, स्क्रू, सगळं त्याचं. काम नेटकं करतो, नाही म्हणत नाही. डाव्या चिमटीत बारीक वस्तू धरता येत नाही म्हणून खिशात कायम पक्कड असते, तिनेच खिळा धरतो, तिनेच सुई धरतो. पण मशीन नाही.

आणि मग या वर्षी मी माझ्या मुलीला मशीन दिलं.

त्याच्या मनाला ते लागणारच होतं. दोन आठवड्यांपूर्वी मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, पोरीच्या हातात कटर इतक्यात नको देऊस."

"का? मुलगी आहे म्हणून?"

"तसं नाही रे."

"मग कसं?"

तो पक्कड चाळवत कोपऱ्यात निघून गेला. मी मनात म्हटलं, अस्सं! सतरा वर्षं आपल्याला मिळालं नाही ते काल आलेल्या पोरीला मिळालं, हे पोटात दुखतंय. आता सोमवारी पाचर सापडल्यावर मला सगळा उलगडा झाला. पोरीला एकदा दणका बसला, नुसतं घाबरली तरी पुरे, की हा म्हणायला मोकळा, मी सांगत नव्हतो?

चोवीस वर्षांची पोर. हात इतका सरळ की तिने मारलेल्या रेघेवर मी काटकोन तपासायचा गुण्या ठेवून बघायचंही सोडलंय. आणि तिच्या बोटांशी हा खेळतो? सख्खा काका?

मंगळवारी सकाळी मी मुलीला पुन्हा पहिल्यापासून मशीन लावायला बसवलं. मुद्दाम मोठ्या आवाजात, कोपऱ्यात ऐकू जाईल असं.

"आधी काय?"

"प्लग काढायचा."

"नुसतं बटण बंद केलं तर?"

"तर तुम्ही हाकलून द्याल."

"शहाणी आहेस. पुढे?"

तिने फळी मशीनला लावून पातं खालीवर केलं आणि नट आवळला. फळीच्या खाली पातं एक दात दिसलं पाहिजे, जास्त नाही. काही महाभाग हातभर पातं खाली लोंबत ठेवतात, फळी आठ सूत, म्हणजे इंचभर, आणि पातं कुत्र्याच्या जिभेएवढं बाहेर. मग तिने गुण्या लावला, पात्याच्या सपाट अंगाला, दातांना नाही. काटकोन बरोबर होता. शेवटी गार्ड बोटाने मागे ओढून सोडला. टक्! पातं झाकलं.

"हा आवाज आला नाही तर?"

"मशीन खाली ठेवायचं. कोणी कितीही घाई करू दे."

"आणि उभं कुठे राहायचं?"

"पात्याच्या रेषेत मागे नाही. बाजूला. काप मिटून पातं चिमटलं तर मशीन उलटं उसळतं."

"ऐकलंस का रे साडेतीन?" मी कोपऱ्याकडे बघून म्हणालो. "पोरगी बघ कशी शिकली. तुला कोणी शिकवलं असतं तर पाच राहिली असती."

तो हसला. तो नेहमी हसतो. मला त्या हसण्याचाही संशय आला.

त्या आठवड्यात पुस्तकांच्या मांडण्यांचं मोठं काम होतं. प्लायच्या कडांना लावायला लाकडाच्या पट्ट्या लागणार होत्या, ढीगभर. पट्ट्या मी काढायचो, मुलगी तेच मशीन घेऊन प्लाय कापायची, पुन्हा माझ्याकडे. सकाळी मशीन स्वच्छ असायचं, मी स्वतः बघायचो. दुपारपर्यंत पाचर आलेली असायची. मंगळवारी एक सापडली. बुधवारी दोन. मी त्या स्क्रूच्या रिकाम्या डब्यात जमा करत गेलो. पुरावा हवा ना!

बुधवारी संध्याकाळी चष्मा लावून त्या नीट बघितल्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रत्येक पाचरीच्या जाड टोकाला दाबल्याच्या खुणा होत्या, ओळीने. पकडीच्या! मध्ये एक खूण कमी, म्हणजे पक्कड झिजलेली. आता सांगा, आमच्याकडे लाकडाचं चिपटं पकडीने धरणारा माणूस कोण?

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "भावजी? ते मुंगी मारणार नाहीत."

"मुंगी नाही, पोरगी मारणार आहे तुझी."

"काहीतरीच बोलू नका. तुमच्या नाकावर राग असतो, म्हणून पुढचं दिसत नाही."

मी जेवलो नाही. गुरुवारी दिवसभर मी भावावर नजर ठेवली. तो पाणी प्यायला उठला तरी माझी मान वळायची. मुलगी आणि तो दोनदा हळू आवाजात काहीतरी बोलताना दिसले, मी गेलो की गप्प. म्हणजे पोरीलाही फितवलं की काय? त्या दिवशी मला एकही पाचर सापडली नाही, तर माझा संशय कमी व्हायचा सोडून वाढला. सावध झालाय, म्हटलं.

शुक्रवारी मी डाव टाकला. जेवायला जातो म्हणून निघालो, हात धुतले आणि मागच्या दाराने पाच मिनिटांत परत आलो.

भाऊ माझ्या मशीनवर वाकला होता. प्लग काढलेला. उजव्या हातात पक्कड. पकडीचं तोंड गार्डच्या फटीत.

"सापडलास!"

त्याच्या हातातून पक्कड पडली. मुलगी फळ्यांच्या मागून धावत आली. माझा तोल सुटला होता. काय काय बोललो, सगळं आठवत नाही, आणि जे आठवतं ते लिहवत नाही. पोटचं पोर नाही ना, म्हणून असं सुचतं, हे मी म्हणालो. त्याला मूल नाही. हे मी त्याला म्हणालो. भिंतीवरचा नियम दाखवला. डबा आणून पाचरी त्याच्यासमोर ओतल्या. "आजपासून या दारात पाय ठेवायचा नाही! तुझी बोटं तुझ्या कर्माने गेली, माझ्या पोरीची नाही जाऊ देणार!"

भाऊ पाचरींकडे बघत उभा राहिला. मग त्याने टोपी घेतली आणि दाराकडे वळला.

"काका, थांबा," मुलगी म्हणाली. ती रडत होती आणि चिडलीही होती. "बाबा, तोंडात काय आहे तुमच्या?"

"काय असणार? विषय बदलू नकोस!"

"काढा बाहेर."

मी तोंडात बोट घातलं. लाकडाचं चिपटं होतं. खाली पडलेलं कधी उचललं, कधी चावायला लागलो, देवाशप्पथ मला पत्ता नाही. पोरसवदा होतो तेव्हापासून चावतो, आई ओरडायची. जाड टोक चावून दबलेलं. मुलीने ते माझ्या हातातून घेतलं आणि डब्यातल्या पाचरींच्या शेजारी ठेवलं.

खुणा त्याच. ओळीने. मध्ये एक कमी.

माझा समोरचा खालचा दात तुटलेला आहे. माझी जीभ आपोआप तिथे गेली.

"पट्टी काढताना गार्ड अडला की तुम्ही तोंडातली काढता आणि लावता," मुलगी म्हणाली. "बोलता बोलता. बुधवारी मला गार्ड कसा महत्त्वाचा आहे ते सांगत होतात ना, तेव्हाच लावलीत. मी डोळ्यांनी बघितलं. मला वाटलं मला वेड लागलंय. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, बोलू नकोस, दादाच्या मनाला लागेल, मी काढत जाईन."

"काढत जाईन?"

"ते पाचर काढत होते, बाबा. आताही. मी जेवणानंतर मशीन घेणार होते म्हणून."

मी भावाकडे बघितलं. तो दारातच उभा होता, टोपी हातात.

"किती दिवस?" मी विचारलं.

"जाऊ दे ना, दादा."

"किती दिवस काढतोयस?"

"तू पट्ट्या काढल्यास की बघतो मी. पहिल्यापासून. या आठवड्यात फार पट्ट्या होत्या, चार-पाच निसटल्या हातून."

पहिल्यापासून. म्हणजे सतरा वर्षं हा माणूस पक्कड खिशात घालून माझ्या मागे फिरत होता आणि मी त्याला साडेतीन म्हणत होतो. मी प्लायच्या थप्पीवर बसलो. पुढचा प्रश्न मला विचारायचा नव्हता, पण विचारल्यावाचून राहवेना.

"त्या दिवशी? तुला मशीन मीच दिलं होतं ना रे? पट्ट्या काढत होतो आपण."

तो आत आला, टोपी बाकावर ठेवली.

"हो," म्हणाला.

"मग बोलला का नाहीस? आईला तरी सांगायचंस!"

"आईचा एक मुलगा हात कापून घरी आला होता. तो दुसऱ्याने कापला, असं तिला कशाला सांगायचं?"

मला रडू आलं. लपवायला जागा नव्हती आणि लपवावंसं वाटलंही नाही. मुलगी कधी माझ्याकडे, कधी त्याच्याकडे बघत राहिली.

थोड्या वेळाने मी उठलो. भिंतीवरचा नियम मीच लिहिलेला होता, तो वाचला. महिनाभर हात लावायचा नाही. मी मशीन उचललं, तेवढंच शेवटचं, आणि त्याच्या बाकावर नेऊन ठेवलं. पाचर अजून फटीत होती. त्याला काय म्हणून हाक मारावी ते मला सुचेना. आई बाळ म्हणायची. ते माझ्या तोंडातून निघेना.

"बघ जरा बरोबर आहे का," एवढंच म्हणालो.

त्याने पक्कड उचलली, पाचर ओढून काढली. प्लग बाहेर आहे हे एकदा वळून बघितलं. फळी लावून पातं एक दात खाली घेतलं, गुण्या लावला, पात्याच्या सपाट अंगाला. सतरा वर्षांत मशीन चालवलं नव्हतं, पण एक पायरी चुकला नाही. मग डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी गार्ड मागे ओढला आणि सोडला. टक्! आवाजाने मी दचकलो, तो दचकला नाही.

त्याने प्लग लावला आणि फळीवर रेघ बघितली. मी फळी धरायला पुढे झालो.

"दादा," तो म्हणाला, "मागे नको उभा राहूस. इकडे, बाजूला ये."