बटणांशेजारची जागा

लिफ्टचं दार उघडलं तर आत सासरे उभे. तोंड दाराकडे, पाठ लोकांकडे, उजवा हात बटणांपाशी. त्यांच्यामागे पाचव्या मजल्यावरचा कुत्रेवाला, त्याचं कुत्रं आणि एक अनोळखी बाई, तिघंही भिंतीला चिकटून उभे होते.

"ये आत," बाबा मला म्हणाले. "पिशव्या कडेला घे. दारात नको."

मी आत शिरले. बाबांनी कुणालाही न विचारता तीन, पाच आणि आमचं सहा दाबलं. तिसऱ्यावर ती बाई उतरली आणि दार मिटेपर्यंत वळून वळून बाबांकडे बघत राहिली. पाचव्यावर कुत्रेवाल्याने मान लववली. बाबांनीही लववली.

"खाली कशाला आला होतात?" मी विचारलं.

"आलो कुठे? मी आतच होतो."

माझ्या सासऱ्यांची सगळी नोकरी एका कंपनीच्या कचेरीत लिफ्टमन म्हणून गेली. जाळीचा दरवाजा, पितळी दांडा आणि बसायला एक स्टूल, एवढंच त्यांचं राज्य. त्यावर त्यांनी घर चालवलं, मुलाला शिकवलं आणि तो मुलगा शिकून थेट परदेशी उडाला. सासूबाई गेल्यावर आम्ही बाबांना इकडे आणलं. आणलं म्हणजे काय, त्यांनी नाही म्हणायच्या आत तिकीट काढलं.

इथे आल्यावर त्यांना रोज काहीतरी नवल दिसे. रस्ता ओलांडायला उभं राहिलं की गाड्या थांबतात, हे त्यांना पटेना. ते हातानेच गाडीवाल्याला "तुम्ही व्हा पुढे" म्हणत, तो काचेआडून यांना तेच म्हणे, आणि मागे रांग लागे. दुकानाचं दार आपोआप उघडलं की हे दाराला बाजूला होऊन वाट देत. मात्र त्यांची खरी फजिती केली ती लिफ्टने.

इथे तळमजल्यालाच पहिला म्हणतात. बाबा पहिल्यांदा एकटे खाली निघाले तेव्हा त्यांनी पाहिलं, बटणं एकपासून सुरू. शून्य नाहीच. त्यांनी ठरवलं, तळमजल्याचं बटण बिघडलं असणार. मग एक दाबून ते उतरले आणि उरलेला मजला जिन्याने खाली गेले. तिथे तळघरात नुसत्या उभ्या गाड्या. बाहेर पडायचा रस्ता शोधत बराच वेळ त्या गाड्यांमध्ये फिरले आणि शेवटी मला फोन केला, "पोरी, तुमच्या गावाला रस्ताच नाही गं."

संध्याकाळी मी उलगडा केला तेव्हा ते म्हणाले, "जमिनीवर उभं राहून पहिल्या मजल्यावर आहोत म्हणायचं. म्हणजे चढायची घाई केवढी यांना."

पण यातूनच लिफ्टशी त्यांचं सूत पुन्हा जुळलं. दुपारी घरात चिटपाखरू नसे. ते दूध आणायला म्हणून खाली जात आणि लिफ्टमध्येच रेंगाळत. इथल्या लिफ्टमध्ये माणसं गप्प उभी राहतात, आकड्यांकडे बघतात. बाबांना ते सोयीचंच पडलं, कारण त्यांनाही इथली भाषा बोलता येत नव्हती. महिनाभरात अख्खी इमारत त्यांना पाठ झाली. कोण कुठल्या मजल्यावरचं, हे ते चपलाबुटांवरून आणि चालीवरून ओळखत. त्यांच्या कारकिर्दीत त्यांनी साहेबांना कधी मजला विचारला नव्हता. विचारावं लागलं तर लिफ्टमन कसला, असं ते म्हणत.

आठव्यावर एक आजी राहतात. चाकांचं वॉकर घेऊन चालतात. लिफ्टचं दार हावरट, वॉकर अर्धं आत जातं न जातं तोच मिटायला लागतं. बाबा ते दार पाठीने अडवून धरत, आजी सावकाश आत येत. एकमेकांचा एक शब्द दोघांना कळत नव्हता. तरी आजी गालातल्या गालात हसत आणि बाबा घरी येऊन सांगत, "आठवाल्या आज दवाखान्यात जाऊन आल्या. पाऊल जड होतं."

मग एका शनिवारी इमारतीचा व्यवस्थापक आला. अगदी गोड बोलला. तुमचे वडील फार सज्जन आहेत, सगळेच म्हणतात. पण तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई घाबरल्यात. एकट्या राहतात. या माणसाला माझा मजला कसा कळला, असं त्या विचारतात.

तो गेल्यावर नवरा बाबांसमोर बसला. बाबा टेबलावरचं फडकं घडी घालत होते.

"बाबा, इथे लिफ्टमन नसतो."

"दिसलं मला ते."

"लोकांना भीती वाटते. आपण कोण, कुठे राहतो, हे परक्याला माहीत असलेलं चालत नाही इथे."

"परक्याला," बाबा म्हणाले. मग विचारलं, "ती बाई खरंच घाबरली?"

"हो."

"मग चूक माझीच. बरं."

एवढंच बोलले. मला वाटलं, निभावलं. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लिफ्ट सोडली. सहा मजले जिन्याने चढायचे, उतरायचे. गुडघे मुळातच कुरकुरणारे, रात्री मलम चोळत बसायचे. मी रागावले, नुसतं उभं राहा की लिफ्टमध्ये, इतरांसारखं. तर म्हणाले, "बटणांपाशी हात नाही न्यायचा, मग मी आत करू काय?" आणि त्याच आठवड्यात त्यांनी परतीच्या तिकिटाचं विचारलं.

मला फार वाईट वाटलं. माहेरच्या माणसाने पाठ फिरवावी तसं वाटलं. नवऱ्याला म्हटलं, "तू काही बोलणार आहेस की नाही?"

तो खिडकीशी उभा होता. म्हणाला, "मी बाबांच्या लिफ्टमध्ये कधीच बसलो नाही, माहितीये तुला?"

"काहीतरीच काय?"

"सुट्टीत डबा द्यायला जायचो. साहेब आणि पाहुण्यांसाठीच होती ती. घरच्यांनी जिन्याने जायचं. लिफ्ट चौथ्यावर असली तर मी चौथ्यावर चढायचो, तोवर ती खाली गेलेली असायची. एकदा म्हटलं, बाबा, कुणी नाहीये, एकच चक्कर. तर म्हणाले, मी आहे ना."



रविवारी आम्ही तिघं भाजी घेऊन परतलो. बाबा सवयीने जिन्याकडे वळले. नवऱ्याने लिफ्ट बोलावली, दारात पाय घालून उभा राहिला आणि हाक मारली.

"बाबा, मला वर जायचंय."

"जा की मग. मी येतो हळूहळू."

"तुम्ही न्या."

बाबा पहिल्या पायरीवर थांबले. दार नवऱ्याच्या पायावर आपटून पुन्हा उघडत होतं.

"तेव्हा नियम होता," बाबा म्हणाले.

"माहितीये मला. आता नाहीये."

बाबा परत फिरले. हातातली पिशवी त्यांनी माझ्याकडे दिली. आत जाताना दोन्ही तळवे विजारीला पुसले आणि बटणांशेजारी उभे राहिले, तोंड दाराकडे, पाठ मुलाकडे. मी आत जाणार होते, पण पाय उचलला नाही.

"कुठला मजला?" बाबांनी मागे न बघता विचारलं. मी त्यांना पहिल्यांदाच विचारताना ऐकत होते.

"शेवटचा," नवरा म्हणाला.

दार मिटलं. दारावरचा आकडा चढत चढत नऊला पोचला, जरा थांबला आणि उतरू लागला. तेवढ्यात आठव्यावरच्या आजी वॉकर ढकलत आल्या आणि माझ्याशेजारी थांबल्या. आकडा दोनपर्यंत आला, तिथे थांबला आणि पुन्हा वर निघाला.

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी हातानेच म्हटलं, जरा थांबा. त्यांनी वॉकरची बसायची फळी खाली पाडली आणि त्यावर बसल्या. मी पिशव्या जमिनीवर ठेवल्या. आम्ही दोघी आकड्यांकडे बघत राहिलो.