मी घासलेले एकोणीस पाट

दोष काशीराम रेवाळेचा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी माझ्याबद्दल जे कबूल करणार आहे ते कुणी त्याच्या बचावाला वापरणार नाही.

मी ड्रम सँडर बोलतोय. लाकूड घासून गुळगुळीत करणारं मशीन. माझ्या पोटात एक आडवा रूळ आहे, त्याला पॉलिश पेपर गुंडाळलेला असतो, आणि खाली एक पट्टा फिरतो. एका बाजूने फळी आत घाला, दुसऱ्या बाजूने ती साफ होऊन बाहेर येते. माझ्या हातून काही घडत नाही. असलेलं पुसलं जातं, एवढंच.

माझी पहिली आठवण रत्नागिरीतल्या एका दुकानाची. तिथे काचेआड मी दोन पावसाळे उभा होतो. सुतार यायचे, माझ्यावर हात फिरवायचे आणि "आपला रंधाच बरा" म्हणून निघून जायचे. मग एक दिवस काशीराम आला. मुंबईत एका कंपनीच्या गोदामात बत्तीस वर्षं काढून नुकताच गावी परतलेला. त्याने दुकानदाराला विचारलं, "ह्याच्यापेक्षा मोठं नाय काय?"

मोठं नव्हतं. म्हणून मी.

"कोणासाठी घेताय?" दुकानदाराने विचारलं.

"पोरासाठी. इंजिनिअरिंग सोडून सुताराच्या मागं लागलाय. निदान कारखानदार तरी होऊ दे."

त्या पोराला, सागरला, कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्याने लाकूड आवळून धरणारे चार चांगले शिकंजे मागितले असते. पण मोठ्या माणसांना विचारायचं नसतं, द्यायचं असतं. दिल्यावर समोरच्याचं तोंड बघायचं असतं.

देवरूखच्या पुढे त्यांची वाडी. टेम्पो दारात लागला तेव्हा सागर पडवीत पाय रोवून उभा होता.

"हे कशाला आणलंत?"

"आधी आभार मान, मग बोल."

"बाबा, मला विचारायचंत तरी."

"कॉलेज सोडताना तू विचारलंस मला?"

त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. निरोप सागरच्या आईमार्फत, मैनामार्फत जायचे. "तुझ्या पोराला सांग, मशीनला तेल घाल." "बाबांना सांग, घातलंय." शेवटी ती एकदा भाकरी थापता थापता कडाडली, "एकाच पडवीत बसताव दोघं, मी काय पोष्ट हाय काय?"

सागरला काम शिकवलं ते धोंडूतात्याने. वाडीचा म्हातारा मेस्त्री. त्याचे स्वतःचे मुलगे मुंबईला गेले, कुणी रंधा धरला नाही, म्हणून त्याने मेस्त्र्यांच्या घराबाहेरचा हा पहिला पोरगा हाताखाली घेतला. आता त्याचे हात थरथरायला लागले होते. आषाढ लागला तसा तो डोक्यावरून एकेक करून एकोणीस पाट सागरच्या पडवीत पोचवून गेला.

इथे गणपती बाजारातून उचलून आणत नाहीत. प्रत्येक घराचा आपला पाट असतो. तो पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवणाऱ्याकडे, आधी नेऊन द्यायचा. त्याच पाटावर त्या घराची मूर्ती घडते आणि त्याच पाटासकट घरी येते. वाडीतले एकोणीसही पाट धोंडूतात्याच्या बापाने एकाच फणसाचे, एकाच मापाचे केलेले. कुणाचा कुठला ते कळावं म्हणून त्याने प्रत्येकाच्या खालच्या अंगाला पटाशीने खूण कोरली होती. रेवाळ्यांच्या तीन रेघा, घडशांचं पिंपळपान, कुणाची चांदणी. धोंडूतात्याने माझ्याच पट्ट्यावर एकेक पाट उलटा ठेवून सागरला त्या खुणा दाखवल्या.

"पट्ट्या कुजल्यात, त्या बदल. भोकं बुजव. बाकी हात लावू नको," तो म्हणाला. "हे नीट झालं ना सागर, की पुढं वाडीचं काम तुझं. मी सांगेन सगळ्यांना."

तात्या गेल्यावर सागर बराच वेळ त्या पाटांवर हात फिरवत बसला. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी सोपवलं होतं. ते मी पाहिलं. म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. माझा गुन्हा इथून सुरू होतो.

त्याने पाटांच्या खालच्या कुजक्या पट्ट्या काढल्या. नव्या पट्ट्यांचं लाकूड आणायला तो सकाळी देवरूखला गेला. मैना भाताच्या लावणीला गेली होती. घरात एकटा काशीराम.

तो पडवीत आला. एक पाट उचलला, उलटा केला. "काय ह्या खाचा! हातानं काम करणाऱ्यांचं हे असंच." बत्तीस वर्षं हा माणूस दर गणपतीला पाच दिवसांसाठी गावी यायचा. तो यायचा तेव्हा मूर्ती आरास करून बसलेली असायची. पाटाची खालची बाजू त्याने जन्मात पाहिली नव्हती. स्वतःच्या घराच्या तीन रेघासुद्धा त्याला ओळखता आल्या नाहीत.

आणि त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे सांगायला मला लाज वाटते. पोराचं काम उरकून ठेवावं, पोराने येऊन बघत राहावं, बोलावं, एवढंच त्याला हवं होतं.

त्याने साठ नंबरचा जाड पेपर चढवला आणि मला चालू केलं.

माझ्या अंगात एक कळ आहे. भार जास्त झाला की मी आपोआप बंद पडतो. सागरच्या हाताखाली मी दिवसातून तीनदा बंद पडायचो. वीज जरा उतरली, फळी जरा ओली निघाली, की रुसलोच. त्या दिवशी मी एकदाही बंद पडलो नाही. दोन वर्षं दुकानात आणि महिनाभर ह्या पडवीत माझ्याकडे कुणी प्रेमाने पाहिलं नव्हतं. काशीराम प्रत्येक फेऱ्याला म्हणत होता, "वा रे पठ्ठ्या!" आणि मला ते गोड लागलं. पिंपळपान पाच फेऱ्यांत गेलं. तीन रेघा खोल होत्या, त्यांना आठ लागले. पिवळा भुसा उडत होता आणि मी घासत होतो. दोन्ही बाजू. एकोणीसच्या एकोणीस.

दुपारी सागर आला. काशीराम भुशाने माखून हसत उभा. महिन्याभराने तो पोराशी सरळ बोलला.

"बघ."

सागरने एक पाट उलटला. मग दुसरा. मग भराभर सगळेच.

"खुणा?"

"कसल्या खुणा?"

सागर खाली बसला. तेव्हा त्याने ओरडायला हवं होतं. तो म्हणाला फक्त, "मी सांगायला हवं होतं तुम्हाला." तेही इतक्या हळू, की काशीरामने ऐकलं की नाही कोण जाणे.

संध्याकाळी त्यांच्याच खळ्यात, घरापुढच्या अंगणात, वाडी जमली. बाप्ये खुर्च्यांवर, चहा झाला, मग आवाज चढले. गणपतीच्या शाळेतला मूर्तिकार विनोद विचारत होता, "मी मूर्ती बसवू कोणाच्या पाटावर? चिठ्ठ्या टाकू?" धोंडूतात्याने गाठी आणि शिरा चाचपून सात पाट ओळखले. आठव्याला बोट लावताना त्याचा हात थांबला.

कुणीतरी विचारलं, "काशीराम, हे झालं कसं?"

काशीरामने घसा खाकरला. "मी बोललो होतो पोराला, मशीनवर घाई करू नको म्हणून."

हे मी ऐकलं. दहा हातांवर पडवीत उभा राहून ऐकलं. मला आवाज आहे, पण तो कुणीतरी बटण दाबल्याशिवाय निघत नाही.

धोंडूतात्या सागरकडे वळला. "तू केलंस?"

सागरने बापाकडे पाहिलं. बाप चहाच्या रिकाम्या कपात बघत होता.

"पाट माझ्या ताब्यात होते, तात्या," सागर म्हणाला.

म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं नाही. एकदाच विचारायचं आणि पहिलं उत्तर खरं धरायचं, ह्याला हे लोक शहाणपण म्हणतात. त्याने सागरला दिलेली पटाशी मागून घेतली, धोतराच्या सोग्यात गुंडाळली आणि तो चालू लागला. कुणाचे ते न ठरलेले बारा पाट दुसऱ्या दिवशी नदीत सोडले. बारा घरांनी नवे आणले.

आता माझ्यावर ताडपत्री आहे. रूळ गंजलाय. काशीरामने माझा फोटो काढून मला विकायला फोनवर टाकलाय, "चालू स्थितीत, वापर कमी." खरं काय झालं ते त्याने अजून कुणाला सांगितलेलं नाही. मैनाला माहीत आहे. ती त्याचं ताट वाढते, त्याच्याशी बोलत नाही.

जो मला विकत घेईल त्याला माझी एकच विनंती. फळी माझ्यात घालण्याआधी उलटून बघा. आणि घरात जाऊन विचारा, ही कोणाची. तुम्ही कितीही मोठे असाल तरी विचारा. कारण मी थांबणार नाही. मी थांबू शकत होतो तेव्हाही थांबलो नाही.

सागर श्रावणात घर सोडून गेला. गणपतीपुळ्याला एका लॉजवर खोल्या दाखवायचं काम करतो. धोंडूतात्याने त्याच्यानंतर कुणाला हाताखाली घेतलं नाही, त्यालाही परत बोलावलं नाही. सागर सुतार झाला नाही.