थोरल्याची खबर

"कैदंत पोरांस्नी जेवायला देत्यात व्हय रं, कुशाबा?"

जाईबाईने उंबऱ्याबाहेरूनच विचारलं. छप्पन सालचा जानेवारी होता. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चातून तिच्या धाकट्याला, रामदासला, पोलिसांनी धरून नेलं होतं, त्याला चार दिवस झाले होते. कुशाबा नुकताच गिरणीतून आला होता. त्याने लगबगीने घोंगडं अंथरलं.

ती चिंचपोकळीला राहायची, हा घोडपदेवला. पण दहा वर्षं ती लांबून दिसली की कुशाबा गल्ली बदलायचा. तिचा थोरला दगडू आणि तो एकाच गावचे, एकाच दिवशी पलटणीत गेलेले. वय अठरा सांगितलं, होतं सतरा. सिंगापूर पडलं आणि दोघेही जपान्यांच्या हाती सापडले. परत आला तो एकटा कुशाबा. "इस्पितळात गेला, तापानं," एवढंच तिला सांगून त्याने अंग काढून घेतलं होतं.

"देत्यात, मावशी. भाकरी-आमटी देत्यात," तो म्हणाला.

"मारत्यात?"

"दोन-चार दंडुकं बसलं आसतील. पर त्या कैदंसारखी ही कैद न्हाई."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

जाईबाई घोंगड्यावर नीट बसली. "ती कशी हुती?"

आता टाळायला गल्ली नव्हती. कुशाबाने सांगितलं. जहाजाच्या तळाशी कोंबून त्यांना न्यू गिनीच्या रानात नेलं. दिवसभर विमानतळासाठी माती उपसायची, वर मूठभर भात. आजाऱ्याला त्यातलाही निम्माच. कुशाबाला हिवताप झाला, तेव्हा दगडू आपल्यातला भात त्याला भरवायचा. एक दिवस त्याने पहारेकऱ्यांच्या मळ्यातली दोन रताळी उपटली आणि सापडला. दोन दिवस त्याला उन्हात उभा केला. 'दुसरा कोण होता' म्हणून विचारत राहिले. त्याने नाव सांगितलं नाही. तिथेच कोसळला, तो उठलाच नाही.

"रताळी माझ्यासाठी हुती, मावशी. इस्पितळ-बिस्पितळ काय नव्हतं तिथं."

"मातीत कुनी घातला?"

"मीच."

"धरायला कोन हुतं?"

"कुनी न्हाई. एकट्यानं उचलला."

"तापातनं उठलेला तू," जाईबाई हळू म्हणाली, "आन एकट्यानं उचललास? एवढा हलका झाला हुता त्यो?"

कुशाबाने मान खाली घातली. ती आता तळतळाट करील, म्हणून तो वाट बघत राहिला. म्हातारीने पदराने तोंड पुसलं.

"तू तोंड चुकवायचास. मला वाटायचं, माझ्या पोरानं कायतरी काळं केलं आसंल. कुनाला तरी दगा दिला आसंल. म्हनून तू सांगत न्हाईस. दहा वर्सं गावाकडं त्याचं नाव काढलं न्हाई मी."

कुशाबाने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी त्याने खाडा केला आणि तिला कोर्टावर घेऊन गेला. दुपारी पोलिसांची गाडी आली. विशी-बाविशीची पोरं एकाच दोरीने ओळीत बांधलेली उतरली. रामदासच्या कपाळाला पट्टी होती. आईला बघून तो ओशाळवाणा हसला.

जाईबाई शिपायाच्या हाताखालून पुढे घुसली.

"रामदास," ती सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "तुज्या थोरल्याची खबर आली रं!"

रामदास जागीच थांबला. दोरीला ताण बसला, आणि मागची सगळी पोरं थांबली.