मागच्या कप्प्यातला नमुना

डुकरं पाळणाऱ्या बाईच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस नाक दाबूनच यायचा आणि आत आल्यावर त्याला वास यायचा फिनेलचा! म्हणून अख्खी वस्ती तिला पाठीमागे चकचकबाई म्हणायची. तिला ते ठाऊक होतं. राग कसला, उलट अंगावर मूठभर मांस चढायचं.

बैठकीच्या भिंतीवर अकरा चौकटी होत्या. अकरा वर्षांचे अकरा तपासणी अहवाल, प्रत्येकावर एकच शेरा: जंत आढळले नाहीत. आल्यागेल्याला ती ते वाचायला लावायची. नवरा गेल्यावर याच डुकरांच्या जिवावर तिने एकटीने लेक शिकवली होती. मिरवणार नाही तर काय करणार!

यंदा नमुने घ्यायला आली ती तीच लेक. जनावरांच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागलेली, पायात गुडघ्यापर्यंत बूट, हातात मोजे. आईने नेहमीप्रमाणे डुकरांच्या गोठ्यातल्या पहिल्या कप्प्याचं दार उघडलं. धुतलेली फरशी, आठवड्यापूर्वीच जंताचं औषध दिलेली गुबगुबीत डुकरं.

"इथलंच घे. दरवर्षी इथलंच देते मी."

लेक थबकली. "दरवर्षी? फक्त इथलंच?"

"मग? पाहुण्यांपुढे टवका उडालेली ताटली ठेवतं का कुणी?"

लेक सरळ मागच्या कप्प्यांत गेली, जिथे व्यायलेल्या डुकरिणी मातीत लोळत होत्या, आणि विष्ठेच्या बाटल्या तिथून भरल्या.

चौथ्या दिवशी तिने आईला प्रयोगशाळेत बोलावलं. नमुना मिठाच्या दाट पाण्यात ढवळून ठेवला होता. वर तरंगून आलेलं काचेवर घेऊन तिने सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं. चकचकबाईने एक डोळा मिटून पाहिलं. गोलसर, पिवळट तपकिरी, जाड खडबडीत कवचाचं काहीतरी होतं. एक नाही, ढीगभर.

"जंतांची अंडी," लेक म्हणाली.

"माझ्याकडे? काहीतरीच काय! बाटल्या बदलल्या असतील तुम्ही."

"बाटल्यांवर माझं अक्षर आहे, आई. आणि ही फिनेलने मरत नाहीत. मातीत काही आठवडे राहिली की तयार होतात, मग वर्षानुवर्षं तग धरतात. तिथली भाजी न धुता खाल्ली की थेट माणसाच्या पोटात. अळ्या फुप्फुसात शिरल्या की खोकलाही लागतो."

चकचकबाईच्या डोळ्यांपुढे शेजाऱ्यांचे वाफे आले. मागच्या कप्प्यांतलं खत ती कुजवल्याशिवाय, ताजंच, सात घरांना फुकट वाटायची. जावेच्या जुळ्या मुली तर वाफ्यातलं गाजर उपटायच्या, फ्रॉकला पुसायच्या आणि कचाकचा खायच्या. त्यांतली धाकटी महिनाभर खोकत होती.

"अहवाल अजून गेला नसेल ना?" तिने हळूच विचारलं.

लेकीचा चेहरा उतरला. "सकाळीच पाठवला. आधी तुला दाखवलं असतं तर सही झाली नसती माझ्या हातून."

घरी पोचल्यावर चहासुद्धा न घेता आई तशीच जावेच्या दारात गेली.

"मुलींना आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने. माझं खत घातलंय ते सांग. आणि त्या वाफ्यातलं कच्चं काही द्यायचं नाही. माझ्या डुकरांना जंत आहेत."

"अगं बाई! जाऊबाई, तुमच्या डुकरांना?" जावेला हसू आवरेना.

"हो, माझ्याच. अकरा वर्षं मी चांगला कप्पा पुढे करत आले. चुकलं माझं."

"पण मग आत्ताच कसं कळलं?"

चकचकबाईची मान आपोआप ताठ झाली. "माझ्या लेकीने शोधलं! सख्ख्या आईलाही सोडलं नाही पोरीने!"

पुढच्या सहा घरांत तिने आधी लेकीचं सांगितलं, मग जंतांचं.

आठवड्याने लेक घरी आली ती चोरासारखी. धाकटीच्या पोटात जंत निघाले होते, औषध सुरू झालं होतं, खोकला कमी होता. अंगणात खताचा ढीग ताडपत्रीखाली वाफाळत, कुजत होता. आत भिंतीवर नुसते खिळे दिसत होते. चौकट एकच, नवी: जंत आढळले.

"आई, हा कशाला लावलास?"

आईने पदराने काच पुसली, चार पावलं मागे सरकली आणि डोळे बारीक केले.

"सही जरा मोठी करत जा गं. दारातून वाचता येत नाही."